खेळसंगीत, गीतनिर्माता आणि ‘चाल’ : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात प्रभावविचार

मराठी संगीत नाटकांच्या पदावल्यांत प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ हा शब्द छापून त्यापुढे मूळ पदाचा निर्देश करण्याची प्रथा होती. या निर्देशाकडे आजवर बहुधा गायकाच्या सोयीची खूण म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः ती ऋणाची उघड कबुली होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील पदांनी साकी, दिंडी, कामदा यांच्या परिचित वळणांबरोबर कानडी चालींचाही आश्रय घेतला होता. पुढे १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनी रागसंगीतातील बंदिशींना नाट्यपदाचे रूप दिले. या सर्व उसनवारीने मराठी नाट्यसंगीत दरिद्री झाले असे कोणी म्हणत नाही. उलट, कोठून काय घेतले हे ठाऊक असल्यामुळेच घेतल्यानंतर त्याचे काय केले याची चिकित्सा करता आली. प्रभावाची मीमांसा ही मुळात या दुसऱ्या प्रश्नाची मीमांसा होय.

संगणकीय खेळांतील संगीताचा स्वतंत्र गीतनिर्मात्यांवर प्रभाव पडला आहे, असे विधान अलीकडे वारंवार केले जाते. स्वतंत्र गीतनिर्माता म्हणजे चित्रपटसंस्था किंवा ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी यांच्या आश्रयावाचून स्वतःच शब्द रचणारा, चाल बांधणारा, गाणारा आणि आपले गीत आपणच प्रसृत करणारा कलावंत, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे. खेळांसाठी रचलेल्या संगीताला सोयीसाठी ‘खेळसंगीत’ म्हणता येईल. अडचण अशी की, या गीतनिर्मात्यांच्या गीतांवर ‘चाल’ छापलेली नसते. परिणामी विजेच्या वाद्यातून निघालेला कोणताही तुटक, टोकदार स्वर ऐकू आला की समीक्षक त्याला खेळाचे संस्कार म्हणतो आणि मोकळा होतो. या घाईने इतरांचे फारसे बिघडत नाही. परंतु भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जेथे मंडईच्या रात्री कीबोर्ड वाजविणाऱ्याला ‘नकलाकार’ ठरविण्यास सुशिक्षित रसिक तत्परच असतो, तेथे या घाईची किंमत त्या वादकाला मोजावी लागते.

प्रथम जेथे प्रभाव निर्विवाद आहे तेथून आरंभ करणे इष्ट ठरेल. ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ या जपानी वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७८ साली निघाली. तिचा आरंभच नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांतील ध्वनींच्या अनुकरणाने होतो आणि त्या तुकड्याचे नावही तसेच आहे. याच वृंदातील हारुओमी होसोनो यांनी १९८४ साली खेळयंत्रांतील संगीताची एक स्वतंत्र ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. खेळसंगीत खेळापासून वेगळे काढून केवळ ऐकण्यासाठी समोर ठेवण्याचा तो अगदी आरंभीचा प्रयत्न होय. परंतु येथेच एक गुंतागुंत उद्भवते. १९८९ च्या ‘मदर’ या खेळाचे संगीत हिरोकाझू तानाका यांच्यासमवेत ज्या केइइची सुझुकी यांनी रचले, ते मुळात ‘मूनरायडर्स’ या वृंदातील गीतकार-गायक होते. युझो कोशिरो यांनी १९९१ च्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ला दिलेले संगीत नृत्यगृहांतून वाजणाऱ्या ‘हाउस’ आणि ‘टेक्नो’ संगीतावरून स्फुरलेले होते. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी, २०१४ मध्ये, जपानी खेळसंगीतावर निघालेल्या ‘डिगिंग इन द कार्ट्स’ या लघुपटमालेत फ्लाइंग लोटस आणि थंडरकॅट हे अमेरिकन संगीतकार या संगीताविषयीचा आपला जिव्हाळा व्यक्त करताना दिसतात. म्हणजे नृत्यगृहातील संगीत खेळात गेले, खेळातून ते मुलांच्या कानांत गेले आणि ती मुले मोठी झाल्यावर पुन्हा गीतांत परतले. न्यूयॉर्कच्या ‘अनामानागुची’ या वृंदाने जुन्या खेळयंत्राच्या ध्वनीबरोबर गिटार वाजविली आणि २०१० साली त्यांनाच ‘स्कॉट पिलग्रिम’वरील खेळाचे संगीत करण्यास सांगण्यात आले. टोबी फॉक्स यांनी २०१५ चा ‘अंडरटेल’ हा खेळ जवळजवळ एकहाती घडविला आणि त्याचे संगीतही स्वतःच रचले. खेळाचा कर्ता आणि गीताचा कर्ता यांतील भेद तेथे उरतच नाही. तेव्हा ‘खेळसंगीताचा गीतावर प्रभाव’ ही एकदिश शब्दयोजनाच अपुरी ठरते. ही देवघेव आहे, आणि तीत धनको कोण व ऋणको कोण हे दशकागणिक बदलत गेले आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणाल तर तो सुटल्यासारखाच आहे. ‘सिव्हिलायझेशन ४’ साठी क्रिस्टोफर टिन यांनी रचलेल्या स्वाहिली गीताला २०११ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. खेळसंगीताचा स्वतंत्र विभाग करून पहिले ग्रॅमी २०२३ मध्ये देण्यात आले, आणि त्याच वर्षी कोजी कोंदो यांनी १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी बांधलेली चाल अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणसंग्रहात समाविष्ट झाली. पारितोषिकांनी मीमांसेचे काम होत नाही, एवढेच येथे नोंदवून पुढे जावे.

साम्य दिसले म्हणजे प्रभाव सिद्ध झाला असे मानण्यात केवढा धोका आहे, याचे उत्कृष्ट उदाहरण मुंबईतच घडले आहे. हिंदी चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसविणारी एक ध्वनिमुद्रिका काढली. वाद्ये होती रोलँड कंपनीची : ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर, ‘टीबी-३०३’ हे खर्जस्वरांचे यंत्र आणि ‘टीआर-८०८’ हे ठेक्याचे यंत्र. तिच्याकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने त्याच ‘टीबी-३०३’वर वाजविलेली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना निघाली व तिच्यातून एक संप्रदायच उभा राहिला. २०१० मध्ये चरणजित सिंगांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले. कारण शिकागोचे संगीत मुंबईत पाच वर्षे आधीच वाजून गेल्यासारखे त्यांना वाटले. तथापि मुंबईने शिकागोकडून घेतले नव्हते आणि शिकागोने मुंबईकडून घेतले नव्हते. दोघांनी एकाच यंत्राला निरनिराळे प्रश्न विचारले आणि यंत्राने उत्तर मात्र एकाच आवाजात दिले. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. चरणजित सिंगांना तीत मींड दिसली, शिकागोच्या तरुणांना नर्तनाची झिंग दिसली. यावरून वाद्याचा प्रभाव आणि कृतीचा प्रभाव हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे ध्यानात यावे. मराठीतील अगदी अलीकडची उदाहरणे घेतली तरी हेच दिसते. २०२४ मध्ये गाजलेले क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे गीत शिकागोत १९८० च्या दशकात जन्मलेल्या ‘हाउस’ संगीताच्या वंशातील आहे. त्यातील विद्युत्-स्वरांना खेळांचे अपत्य म्हणणे म्हणजे चुलतभावाला मुलगा म्हणण्यासारखे होईल.

मग खेळसंगीताचा असा स्वतःचा, इतर विद्युत्-संगीताहून निराळा ओळखता येणारा गुण कोणता? तो त्याच्या दारिद्र्यातून आलेला आहे. जपानी ‘फॅमिकॉम’ यंत्रात संगीतासाठी पाचच ध्वनिमार्ग होते : दोन चौकोनी तरंगाचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक निव्वळ खरखरीचा आणि एक अल्पशा मुद्रित ध्वनीचा. स्वरसंवाद हवा असेल तर तीन स्वर एकदम लावण्याइतकी चैन परवडत नसे. तेव्हा रचनाकारांनी ते तीन स्वर एकामागून एक इतक्या वेगाने फिरविले की कानाला ते एकत्र असल्याचा भास व्हावा. ही थरथरती स्वरमाळ म्हणजे निव्वळ काटकसर होती. पुढे शेकडो ध्वनिमार्ग उपलब्ध झाले तरी गीतनिर्मात्यांनी ती टाकली नाही, कारण एव्हाना ती अलंकार झाली होती. २००० च्या सुमारास ‘गेम बॉय’ या हातातील खेळयंत्रावरच संगीत रचण्याची सोय झाली, तेव्हा कलावंतांनी चारच ध्वनिमार्गांचे हे बंधन आपण होऊन पत्करले. बंधनाची शैली कशी होते हे मराठी वाचकाला परक्या उदाहरणावरून शिकण्याचे कारण नाही. तुणतुण्याला एकच तार असते. शाहिराने त्या एका तारेवर ‘उणीव’ म्हणून कधी विचार केला असेल असे वाटत नाही.

महाराष्ट्रात हे संगीत ज्या वाटेने आले ती वाट मात्र सरळ नव्हती, आणि प्रभावाच्या अभ्यासकाने सर्वाधिक थांबावे अशी जागा हीच आहे. १९९० च्या दशकात भारतीय मध्यमवर्गीय घरांत दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाची जी यंत्रे आली, ती बहुतेक मूळ जपानी यंत्राच्या स्वस्त प्रतिकृती होत्या. बाजारात त्यांना नुसते ‘व्हिडिओ गेम’ किंवा ‘टीव्ही गेम’ म्हणत. एका पेटीत हजारो खेळ असल्याचे त्यांच्या वेष्टनावर छापलेले असे. उघडल्यावर तेच पंधरा-वीस खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा निघत. या प्रतिकृतींच्या बाबतीत दोन तांत्रिक गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मूळ जपानी यंत्र दर सेकंदास साठ चित्रे दाखविणाऱ्या पद्धतीचे होते, तर भारतातील दूरचित्रवाणीची पद्धत पन्नास चित्रांची होती. खेळसंगीताची लय बहुधा चित्रांच्या गणतीवर बांधलेली असे. त्यामुळे पन्नास चित्रांच्या पद्धतीसाठी केलेल्या प्रतिकृतींवर तेच संगीत सुमारे एकषष्ठांशाने संथ चाले. स्वर मात्र जवळजवळ मूळ पट्टीतच राहत, कारण ते चित्रांच्या गणतीवर अवलंबून नसत. दुसरी गोष्ट अशी की, अशा पुष्कळ प्रतिकृतींत चौकोनी तरंगाच्या रुंदीचे प्रमाण अदलाबदल झालेले असे. म्हणजे जेथे भरीव स्वर अपेक्षित तेथे पातळ, नाकातला स्वर निघे आणि पातळाच्या जागी भरीव.

याचा अर्थ असा की, कोंदो यांची द्रुत लयीतील चाल येथील मुलाने मध्य लयीत आणि निराळ्या स्वरवर्णात ऐकली. त्याच्या दृष्टीने तीच मूळ होती. पुढे या पिढीतील कोणी गीतनिर्माता झाला आणि त्याने बालपणीचा ध्वनी आठवून एखादी ओळ बांधली, तर ती ओळ जपानी मूळाशी ताडून पाहणारा समीक्षक तिला ‘सदोष अनुकरण’ म्हणेल. ती सदोष नसते. तिचा मूळ पाठच वेगळा असतो. हस्तलिखितांचे संपादन करणाऱ्या संशोधकाला हा न्याय पूर्ण परिचयाचा आहे. कवीने कोणती पोथी वाचली हे ठरविल्याशिवाय त्याने काय बदलले हे सांगता येत नाही. ध्वनीच्या बाबतीत मात्र हा साधा दंडक विसरला जातो.

आता भंडारा. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भात आणि तलावांचा मुलूख. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर क्षेत्राने आटोपशीर झाला, तरी सांस्कृतिकदृष्ट्या गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यासमवेत झाडीपट्टीत मोडणारा. दिवाळी झाली की येथील गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक होते. झाडीबोलीचा आणि दंडारीचा विचार साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केला. झाडीपट्टीच्या नाटकांची व्यावसायिक केंद्रभूमी पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा-देसाईगंज ही होय, आणि या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर नागर महाराष्ट्राला तिची नव्याने आठवण झाली. संगीताच्या दृष्टीने मात्र तिच्याकडे अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिले गेलेले नाही.

खडी गंमतीत शाहिराच्या पाठीमागे झीलकरी उभे असतात. शाहिराची कडवी बदलतात, प्रसंग बदलतो, सोंगाड्या मध्येच विषयांतर करतो. झील तीच राहते. ती नेमकी किती वेळा घ्यावयाची हे आधी ठरलेले नसते. प्रेक्षकांचा रंग, नाच्याची लहर आणि शाहिराचा दम यांवर ते अवलंबून असते. तबल्याच्या एकल वादनात किंवा कथकात सारंगी वा हार्मोनियम जो लेहरा धरते त्याचेही तत्त्व हेच. लेहरा स्वतः लक्ष वेधून घेत नाही आणि तरीही तो थांबला तर सर्वच कोसळते. खेळसंगीताची रचना या तत्त्वाच्या विलक्षण जवळ आहे. खेळणारा एका टप्प्यात किती वेळ रेंगाळेल हे रचनाकाराला ठाऊक नसते. म्हणून तो असे आवर्तन बांधतो की जे शंभरदा ऐकले तरी कंटाळा येऊ नये आणि कोठेही तुटले तरी विसंगत वाटू नये. पाश्चात्त्य गीताला आरंभ, चढ आणि शेवट लागतो, म्हणून पाश्चात्त्य समीक्षकांना खेळसंगीतातील हे चक्राकार रूप नवे वाटले, आणि तेथील तरुण गीतनिर्मात्यांनी ते उचलले तेव्हा त्याला क्रांती म्हटले गेले. ज्याच्या कानावर झील आणि लेहरा यांचे संस्कार झाले आहेत त्याला त्यात क्रांती दिसण्याचे कारण नाही. भंडाऱ्यातील एखाद्या तरुणाने चार मात्रांचा एक विद्युत्-तुकडा अखंड फिरत ठेवून त्यावर आपले झाडीबोलीतील शब्द गायिले, तर त्याचा वारसा खेळाकडून आला की खडी गंमतीकडून, हा प्रश्न केवळ ऐकून सुटणारा नाही. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचता येते.

साम्य याहूनही खोल जाते. झाडीपट्टीच्या नाटकात वादक रंगमंचासमोर, प्रेक्षक आणि नट यांच्या मध्ये बसतात. ऑर्गन किंवा कीबोर्ड, तबला आणि आता बहुधा ऑक्टोपॅड. नाटक रात्रभर चालते. नटाने संवाद लांबविला, एखादा प्रवेश रंगला म्हणून प्रेक्षकांनी उचलून धरला, कोणी विंगेत अडकला, तर ऑर्गनवादकाने हातातील स्वरवाक्य धरून ठेवावयाचे आणि नट येताच योग्य सुरावर सोडावयाचे. ऑक्टोपॅडवाला नटाच्या प्रवेशाला, थपडेला, विनोदी घसरण्याला आघाताने उत्तर देतो. कृती आणि ध्वनी यांचा हा तत्काळ संबंध खेळयंत्राचे तर मूलतत्त्वच आहे : कळ दाबली की उडी, उडीबरोबर ध्वनी. १९९१ साली ‘मंकी आयलंड २’ या खेळासाठी मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी अशी योजना सिद्ध केली की, खेळणाऱ्याने स्थळ बदलताच संगीताने मध्येच न तुटता, योग्य त्या जागेवरून, पुढील स्थळाच्या चालीत वळावे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या योजनेचा गौरवाने उल्लेख होतो आणि तो यथार्थ आहे. पण तिने यंत्राला जे शिकविले ते झाडीपट्टीचा ऑर्गनवादक हंगामभर, दिवाळीपासून होळीपर्यंत, झोपेला मुकून करीत असतो. त्याच्या या कौशल्याला नाव नाही, म्हणून त्याची गणना नाही.

या वादकाच्या हाती कीबोर्ड आला हा पुष्कळांच्या तक्रारीचा विषय आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया आणि शेजारच्या छत्तीसगडात वाहनावर ध्वनिवर्धक चढवून मिरवणुकीत वाजणाऱ्या धुमालाविषयी तर तक्रार अधिकच तीव्र आहे, आणि ध्वनीच्या पातळीपुरती ती रास्तही आहे. परंतु आवाज मोठा आहे म्हणून संगीत क्षुद्र आहे, हे अनुमान तर्काला धरून नाही. धुमालाचे कीबोर्डवादक चित्रपटगीताची ओळ घेऊन तिच्यातील शब्दांची जागा तुटक स्वरांनी भरतात, तिचे लहान तुकडे करतात आणि तेच तुकडे ठेका वाढवीत आवर्तनात फिरवितात. गीताचे हे असे ‘तुकडीकरण’ ऐकून खेळांची आठवण झाली तर नवल नाही. तरीही चरणजित सिंगांचे उदाहरण येथे स्मरावे. वादकाच्या हातातील स्वस्त कीबोर्डवर जे आयते स्वरवर्ण दिलेले असतात, त्यांतच चौकोनी तरंगाचा तो टोकदार स्वर असतो. गर्दीत आणि मोकळ्या हवेत तोच सर्वांत दूर पोहोचतो. हा स्वर निवडण्यामागे बालपणीचा खेळ असू शकेल. पण मिरवणुकीत आपला स्वर ढोलाच्या वर ऐकू जावा ही निकड त्याहून अधिक पटण्याजोगी आहे. सनईवाल्याची निकडही हीच होती.

खेळांचा भंडाऱ्यावरील खरा, व्यापक संस्कार मात्र यानंतरचा आहे. तो संगीताहून निराळ्या दिशेने गेला, ही गोष्ट या विषयावरील लेखनात जवळजवळ दुर्लक्षित राहिली आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाइल’ आला, २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. दूरचित्रवाणीला जोडावयाचे यंत्र ज्या घरांत कधीच आले नव्हते, त्या घरांतील मुलांचा खेळांशी संबंध या वाटेने आला. या खेळाला टॉम साल्टा यांनी रचलेली भव्य वाद्यवृंदाची नांदी आहे. ती प्रतीक्षेच्या वेळी वाजते. प्रत्यक्ष खेळ सुरू झाला की संगीत थांबते आणि उरतात ती पावले, दूरची गोळी, दाराची करकर, वाहनाची घरघर. शत्रू कोणत्या बाजूने येतो हे कानाने ओळखावयाचे असते, म्हणून कुशल खेळाडूला संगीत हा अडथळाच वाटतो. तेव्हा १९९० च्या दशकातील मुलाने खेळातून चाल घेतली असेल, तर या पिढीने खेळातून शांतता आणि तिच्यातील दिशा घेतली. एका पिढीचा कान स्वरांकडे वळला आणि दुसरीचा अवकाशाकडे. या दोहोंना ‘खेळसंगीताचा प्रभाव’ या एकाच सदरात घालणे म्हणजे कीर्तन आणि मौन यांना एकच साधना म्हणण्यासारखे आहे.

या दुसऱ्या प्रभावाचा माग गीतांत कोठे घ्यावा? चालीत तो सापडणार नाही. शब्दांमधील रिकाम्या जागा, एका कानात येऊन दुसऱ्या कानातून जाणारा ध्वनी, अचानक तुटलेला ठेका आणि त्यानंतरचा क्षणाचा शून्य, येथे तो शोधावा लागेल. हे गुण कर्णयंत्र लावून, एकट्याने ऐकावयाच्या संगीताचे आहेत. मंडईच्या पटांगणात, जनरेटरच्या आवाजात, ते नष्ट होतात. परिणामी भंडाऱ्यातील ज्या तरुणाला स्वतःचे गीत मोबाइलवर सिद्ध करावयाचे आहे आणि तेच मंडईतही गावयाचे आहे, त्याच्यापुढे दोन परस्परविरोधी श्रोते उभे असतात. एक कानात बसलेला आणि एक पटांगणात बसलेला. पहिल्यासाठी रचलेले गीत दुसऱ्याला पोकळ वाटते. दुसऱ्यासाठी रचलेले पहिल्याला कर्कश. ही द्विधा खऱ्या अर्थाने नवी आहे. टेंबे-बखल्यांपुढे ती नव्हती, शाहिरापुढे नव्हती, आणि होसोनोंपुढेही या स्वरूपात नव्हती. कीबोर्डमुळे परंपरा बुडाली की नाही या जुन्या वादापेक्षा ही द्विधा कोणता कलावंत कशी सोडवितो याची चिकित्सा अधिक फलदायी ठरेल.

जुना वाद मात्र अगदीच निराधार नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत प्रवेशांच्या मध्ये ‘रेकॉर्डिंग डान्स’ शिरला, त्यावर टीका होत आली आहे. ती टीका बहुधा अभिरुचीच्या किंवा नीतीच्या अंगाने होते. संगीताच्या अंगाने पाहिले तर आक्षेप निराळा आणि अधिक गंभीर आहे. मुद्रित गीत कोणाची वाट पाहत नाही. नर्तकी चुकली तरी ते चालू राहते, प्रेक्षकांनी उचलून धरले तरी ते आपल्याच वेळी संपते, आणि तेवढा वेळ ऑर्गनवादक हात मांडीवर ठेवून बसतो. यंत्रातील खेळ खेळणाऱ्याची वाट पाहणारे संगीत मिळविण्यासाठी तीन दशके झटला, आणि वाट पाहणारे संगीत ज्या रंगभूमीवर अंगभूत होते तेथे वाट न पाहणारे संगीत येऊन बसले. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ प्रसिद्ध केला. त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केले. त्यात गैर काहीच नाही. ‘शाकुंतला’ने कानडी चाली घेतल्याच होत्या. तरीही अशा खेळाला नटाच्या हालचालीबरोबर स्वर वळविणारा वादक हवा असेल तर तो वडशाच्या किंवा साकोलीच्या वाटेवर मिळेल, ही शक्यता विचारात घेण्याजोगी आहे.

यासाठी प्रथम नोंदी हव्यात. कोणत्या दंडारीत, कोणत्या खडी गंमतीत, कोणत्या नाटकात कोणते वाद्य आहे. कीबोर्ड असल्यास वादक त्यातील कोणता आयता स्वरवर्ण कोणत्या प्रसंगी निवडतो. झील किती आवर्तने चालली आणि कोणाच्या खुणेने थांबली. पदाची चाल चित्रपटातील, भजनातील की आणखी कोठली, आणि ती कोठली असे वादक स्वतः सांगतो. पदावल्यांतील ‘चाल’ या शब्दापुढे जे छापले जात असे, तेच येथे हाताने लिहून घ्यावयाचे आहे. वादकाचे वय आणि त्याने लहानपणी कोणत्या यंत्रावर, कोणाच्या घरी खेळ खेळला, हेही त्याच रकान्यात यावे. भाऊबीजेनंतर मोहाडी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांत मंडया सुरू होतात. पहिल्या मंडईपासून हे काम हाती घेता येईल.